सगळे मिळून ठरवलेलं कपाट

कॉलेजच्या मागच्या गल्लीत शिरलं की उजव्या हाताला एक खिडकी लागते. खिडकीत शिलाई मशीन, आणि मशीनवर वाकलेल्या काकू. नवे कपडे त्या शिवत नसत. शिवून तयार झालेले कपडे माणसांच्या अंगाला आणायचे, हे त्यांचं काम. कोणाच्या पँटची उंची कमी करायची, कोणाची कंबर सैल करून द्यायची, बिघडलेली चेन बदलायची, थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या खांद्यांवर बसवायचा. यात शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त. काकू उसवायला बसल्या की टाका तुटल्याचा बारीकसा आवाज येई. मग थोडी शांतता, मग पुन्हा एक टाका. गल्लीतून जाणाऱ्यांना तो ऐकू येत नसे. घरातल्यांना येई.

पण काकूंचा आणखी एक उद्योग होता. त्यात मिळकत काही नव्हती आणि अभिमान मात्र शिलाईपेक्षा जास्त होता. काकू उत्तरं देत.

दर वर्षी समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं वह्या घेऊन गल्लीत उतरत. पुस्तकात वाचलेला समाज प्रत्यक्ष बघून यायचा, लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यावर प्रकल्प लिहून द्यायचा, असा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. मुलाखतीसाठी घर आपल्या मर्जीने निवडायचं नाही, अशी विभागातल्या मॅडमची सक्त ताकीद असे. मर्जीवर सोडलं की ओळखीची, हसरी आणि चहा देणारी माणसंच निवडली जातात, मग निष्कर्ष वाकडे येतात. म्हणून गल्लीच्या तोंडापासून मोजत जायचं आणि दर पाचव्या घराची कडी वाजवायची.

पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. फक्त पाचव्या घरात निवृत्त पोस्टमन राहत, आणि त्यांच्याकडे कुत्रा होता. नोकरीभर दुसऱ्यांच्या कुत्र्यांनी पळवलं, तेव्हा आता आपल्यालाही एक असावा, असं त्यांना निवृत्त झाल्यावर वाटलं होतं. "मला समाज नको आणि त्याचं शास्त्रही नको," असं ते आतूनच सांगत. बाकीचं कुत्रा सांगे. दहाव्या घरातली माणसं दिवसभर कामावर. पंधराव्याला कुलूप. तोवर ऊन चढलेलं असे, आणि काकूंच्या ओट्यावर सावली असे. काकू खिडकीतून म्हणत, "पाणी तरी पिऊन जा रे." शास्त्र तिथे बसकण मारी.

अशा रीतीने ओळखीच्या, हसऱ्या आणि चहा देणाऱ्या काकू वर्षानुवर्षं निवडल्या जात होत्या.

उत्तरं देण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. नवखी मुलं घाबरलेली असत, वहीतून मान वर काढत नसत. काकूच त्यांना सावरून घेत. आधी घरात माणसं किती ते विचार, मग शिक्षण, मग धंदा. मनातलं सगळ्यात शेवटी विचारायचं, असं समजावत. 'हो' किंवा 'नाही' म्हटलं की पेन थांबतं आणि उदाहरण दिलं की धावतं, हेही त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्या उदाहरण दिल्याशिवाय मुलांना उठू देत नसत.

त्यांचा आवडता प्रश्न शेवटून दुसरा होता. 'कुटुंबात महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?' पर्याय चार: पती, पत्नी, घरातली ज्येष्ठ व्यक्ती, सर्व मिळून. काकू पर्याय वाचूही देत नसत.

"आमच्याकडे एकाचं चालत नाही बाबा. सगळे मिळून ठरवतो."

यात त्या खोटं बोलत होत्या असं कोणी समजू नये. काकूंचा त्यावर विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाईंचं राज्य होतं. सासूबाई विचारत नसत, सांगत. खुर्ची तिकडे ठेवा, दार लावा, आज बाहेर जायचं नाही. आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माणूस दचकावा. काकूंनी तेव्हा मशीनवर बसून, दातात धागा धरून, स्वतःशी शपथ घेतली होती: माझी पाळी आली की मी कोणाला हुकूम सोडणार नाही. पुढे सासूबाई गेल्या, काही वर्षांनी काकूंचे यजमान गेले, मुलगा कमावता झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. काकूंची पाळी आली. आणि त्यांनी शपथ पाळली. मुलाला असो की सुनेला, 'असं कर' म्हणून त्यांनी कधी म्हटलं नाही.

त्या विचारत. घरात काही निघालं की सगळ्यांना बोलावून बसवत, चहा होई, आणि काकू म्हणत, "बोला, तुम्हाला काय वाटतं?" मग मुलगा बोले, सून बोले. काकू मन लावून ऐकत. बोलणं त्यांच्या मनासारखं निघालं तर प्रश्नच नव्हता. नाही निघालं, तर त्या "हं" म्हणत, "तुम्हीच ठरवा" म्हणत, आणि शेजारचा एखादा कपडा मांडीवर घेऊन उसवायला लागत.

एक टाका. शांतता. आणखी एक टाका.

त्या आवाजापुढे घरात कोणाचं मत एका शिवणीपेक्षा जास्त टिकल्याचं आठवत नाही. पायजम्याची बाजू अर्धी उसवून होते न होते तोच कोणीतरी म्हणे, किंवा मग असं केलं तर? टाका तिथेच थांबे. आणखी थोडं इकडे, थोडं तिकडे करत सगळे काकूंच्या मनात होतं तिथे येऊन पोहोचले, की काकू खरोखरीच्या आनंदाने म्हणत, "बघा, बोलल्यावर कसं सुचतं!"

कपाटाचं असंच झालं. गिऱ्हाइकांचे तयार कपडे ठेवायला त्यांनी एक मोठं लाकडी कपाट आणलं. मुलाचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. कपाट कुठे ठेवायचं यावर बैठक बसली. पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवू या, तिथे जागा आहे, असं नव्या सुनेने सुचवलं. मुलगाही तेच म्हणाला. काकूंना पुढच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर कपाट नको होतं. त्या 'हं' म्हणाल्या. एका पँटची एक बाजू पूर्ण उसवून झाली, दुसरी सुरू झाली, तेव्हा सूनच म्हणाली, "स्वयंपाकघरात ठेवायचं का? खिडकीपाशी?" स्वयंपाकघराला खिडकी एकच होती. मागच्या अंगणात उघडायची. कपाट तिच्यापुढे इतकं चपखल बसलं की जणू मापानेच केलेलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. "जागा सुनेनं शोधली बरं का," असं काकू आल्यागेल्याला सांगत. श्रेय ज्याचं त्याला देण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

मुलांना उदाहरण हवंच असे. काकू कपाटाचं देऊ लागल्या. पेनं धावत.

पुढे मॅडमनी पहिल्या वर्षासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. कुटुंब या प्रकरणात एक चौकट घातली: शिलाईकाम करणाऱ्या एका महिलेच्या कुटुंबात कपाट कोठे ठेवावे यासारखा छोटा निर्णयही सर्व सदस्य एकत्र बसून घेतात, नवविवाहित सुनेने सुचवलेली जागा सर्वांनी मान्य केली, सहमतीवर आधारलेल्या कुटुंबाचे हे उत्तम उदाहरण होय. गोपनीयतेसाठी महिलेचं नाव दिलेलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, कारण काकूंनीच घरोघरी जाऊन सांगितलं. पाचव्या घरातही त्या गेल्या. पोस्टमन चौकट वाचून म्हणाले, "छापून आलं म्हणजे खरंच असणार." काकूंना ते कौतुक वाटलं.

सुनेचं शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं. तिने पुन्हा कॉलेजात नाव घालावं, असं निघालं, तेव्हा काकूंना काही उसवावं लागलं नाही. आपण ज्या पुस्तकात आहोत ते आपल्याच घरात अभ्यासाला येणार, याहून काय हवं! सून स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून पाठांतर करी, आणि काकू बाहेर मशीनपाशी बसून ऐकत. दर्जा म्हणजे माणसाचं समाजातलं स्थान, आणि भूमिका म्हणजे त्या स्थानावरच्या माणसाकडून असलेली वागण्याची अपेक्षा. समाजात वावरायचं वळण माणसाला लहानपणापासून घरातून लागतं, त्याला सामाजिकीकरण म्हणतात. काकू ऐकता ऐकता मान डोलवत. शास्त्र म्हणजे काही वेगळं नसतं, असं त्यांना वाटे.

एकदा सामाजिक नियंत्रण चाललं होतं. ते दोन प्रकारचं असतं: कायदा, पोलीस, शिक्षा हे औपचारिक, आणि घरात, चार माणसांत चालतं ते अनौपचारिक. अनौपचारिक नियंत्रणाची साधनं सून घोकत होती. थट्टा, नाराजी, दुर्लक्ष... ती अडखळली. काकूंना पुस्तक ऐकून ऐकून पाठ झालं होतं. उसवता उसवता त्यांनी बाहेरून आठवण करून दिली, "मौन राहिलं का गं?"

"घेतलं, आई," आतून उत्तर आलं.

चौकट आली त्या दुपारी मात्र स्वयंपाकघरात बराच वेळ काही ऐकू आलं नाही. काकूंनी विचारलं, "आलं का माझं पान?" आलं, असं सून म्हणाली. नीट पाठ कर, परीक्षेला येतं ते, असं काकूंनी बजावलं. ते खरंही होतं. चार गुणांना दर वर्षी येई. मग सुनेने ते पाठ केलं. कपाटाला पाठ टेकून, दिव्याच्या उजेडात, सहमतीवर आधारलेल्या कुटुंबाचे उत्तम उदाहरण.

त्याच सुमारास मुलाला बढतीचं विचारण्यात आलं. तो पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होता. दूरच्या गावात नवी शाखा निघत होती. तिथे जाऊन ती सांभाळशील का? महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. घरात बैठक बसली, चहा झाला. मुलगा म्हणाला, जावंसं वाटतं. सून म्हणाली, तिथेही कॉलेज आहे, वार्षिक परीक्षा इथेच देऊन पुढचं तिथे शिकता येईल. काकूंनी ऐकून घेतलं. आपण इथे एकट्या राहू, मशीन आणि गिऱ्हाइकं सोडून या वयात दुसऱ्या गावी जाऊन बसणं आपल्याला जमणार नाही, हे त्यांच्या ओठांवर आलं नाही. त्या "हं" म्हणाल्या. तुम्हीच ठरवा, म्हणाल्या. आणि मांडीवर कपडा घेतला.

या वेळी प्रकरण लांबलं. दिवसांमागून दिवस घरात उसवणं चाललं होतं. एवढे कपडे गिऱ्हाइकांनी आणून टाकले होते की काकूच कुठून काढत होत्या, कोण जाणे. मुलगा हळूहळू म्हणू लागला की तसं इथेही काही वाईट नाही. नव्या शाखेचा काय भरवसा, असंही तो एकदा जेवताना बोलला. सून काहीच बोलत नव्हती. काकूंचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता, पण पडायला आला होता.

आणि मुलाखतींचे दिवस आले. काकूंनी विभागात जाऊन मॅडमना सांगितलं की या वर्षी आपण उत्तरं सुनेलाच देणार. मॅडम कचरल्या. नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाची मुलाखत घेणं पद्धतीत बसत नाही. विचारणारं कोण आहे यावर सांगणाऱ्याचं उत्तर बदलतं. पण ज्यांच्यावर पुस्तकातली चौकट उभी होती त्यांना नाही कसं म्हणायचं? मॅडमनी सुनेला बोलावून सगळे नियम पुन्हा समजावले. उत्तर सुचवायचं नाही. बरं वाटलं किंवा वाईट वाटलं, चेहऱ्यावर दाखवायचं नाही. उत्तर मोघम असेल तर स्पष्ट होईपर्यंत विचारायचं. आणि समोरचा गप्प बसला, तर आपण मध्ये बोलायचं नाही. थांबायचं.

दुपारी सून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून मागच्या दाराने बाहेर पडली, दार ओढून घेऊन घराला वळसा घालून पुढे आली आणि तिने कडी वाजवली. आपल्याच घरात शिरायला कडी कसली वाजवतेस, असं म्हणत काकू हसायला लागल्या.

"सर्वेक्षणासाठी आलेय," सून उंबऱ्यातूनच म्हणाली. "आपला थोडा वेळ मिळेल का?"

काकूंना हे फार आवडलं. त्यांनी पाहुणीला खुर्ची दिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की चहा करणारं माणूस तर खुर्चीवर बसलं आहे. त्या स्वतः आत गेल्या. काकू स्वयंपाकघरात कधी जात नसत असं नाही. पण जात तेव्हा दिवा लागलेला असे. आज तो नव्हता. बटण कोणत्या भिंतीला आहे ते त्यांना सापडेना. त्यांनी चाचपडत साखरेचा डबा काढला, तो मिठाचा निघाला. बाहेर लख्ख दुपार होती आणि काकू स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपाटासमोर, आंधळ्यासारख्या उभ्या होत्या. चहा बशीत सांडून बाहेर आला. सून त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. नियमच तसा होता.

माणसं किती, शिक्षण किती, धंदा कोणता, हे झालं. शेवटून दुसरा प्रश्न आला. काकू खुर्चीत सरसावून बसल्या.

"आमच्याकडे एकाचं चालत नाही. सगळे मिळून ठरवतो."

"एखादं उदाहरण सांगाल का?"

काकूंनी कपाट सांगितलं. इतक्या वेळा सांगून त्याला छान गोलाई आली होती. शेवटी जागा सुनेनं शोधली, इथे दर वेळी पेन धावायचं. आज ते धावलं नाही.

"सुनेनं आधी कुठली जागा सुचवली होती?"

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. काकू म्हणाल्या, आधी ती पुढच्या खोलीत म्हणत होती.

"मग तिचं मत कशामुळे बदललं असेल, असं आपल्याला वाटतं?"

काकूंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, टोमणा असेल. टोमण्याला उत्तर देता आलं असतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं त्या ओट्यावर बसून गेलेल्या पोरांचा असायचा तसा तो फक्त विचारणारा चेहरा होता. काकूंचा हात आपोआप शेजारी गेला. एक पँट मांडीवर आली.

एक टाका. शांतता. आणखी एक टाका.

सून थांबली. पेन वहीवर टेकवून, नियमाप्रमाणे. शिवण अर्धी झाली. या घरात इथवर आलं की कोणीतरी 'किंवा मग' म्हणायचं. कोणी म्हणालं नाही. शिवण संपली. काकूंनी दुसरी बाजू घेतली. बाहेर गल्लीतून कोणीतरी सायकलवरून गेलं. टाक्याचा आवाज काकू जन्मभर काढत आल्या होत्या. तो किती मोठा असतो हे त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं. दुसरी बाजूही संपली आणि पँटचे दोन तुकडे होऊन मांडीवरून खाली घसरले. गिऱ्हाइकाने ती फक्त उंची कमी करायला दिली होती.

"मी ठरवते," काकू म्हणाल्या. "तसं लिही. मीच ठरवते."

"'सर्व मिळून' खोडू का?"

"खोड."

सुनेने खोडलं. शेवटचा प्रश्न विचारला, वही मिटली, सहकार्याबद्दल आभार मानले आणि दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल असं सांगितलं. मग ती पुढच्या दाराने बाहेर पडली, वळसा घालून मागच्या दाराने आत आली, आणि स्वयंपाकघरात दिवा लागला.

तिने शब्द पाळला. घरी आलेल्या नवऱ्यालासुद्धा ती काही बोलली नाही. काकूंनी दोन दिवस वाट पाहिली. पण ज्या विषयावर भांडायचं तो गोपनीय होता. त्या दोन दिवसांत त्यांनी ती पँट पुन्हा शिवली, आणि रात्र झाली की पडल्या पडल्या सासूबाईंचा आवाज त्यांना आठवत राहिला. सासूबाईंना निदान उलट उत्तर देता यायचं. काकूंनी कधी दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण देता आलं असतं.

कळवायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, उद्या सांगायचंय. काय करू?"

काकूंनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. "तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात प्रथमच तसं त्यांच्या मनात होतं. मुद्दाम त्यांनी मांडीवर काही घेतलं नाही. हात नुसते ठेवून बसल्या.

मुलाने आईचे हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते. त्याचा चेहरा उतरला. एवढं मनाला लावून घेतलं असेल, याची त्याला कल्पना नव्हती. "ठरलंच आहे गं," तो घाईने म्हणाला, "नाही कळवतो मी. तू त्रास करून घेऊ नकोस."

अरे, मी खरंच सांगतेय, असं काकूंनी म्हटलं. हो, कळलं, असं तो म्हणाला. खरंच म्हणजे अगदी खरंच, असं त्या म्हणाल्या. मग तर त्याला घाम फुटला. काकू जितकं पटवायला जात तितका तो मागे सरके. शेवटी ती नोकरीच आपल्याला कधी नको होती, असंही तो बोलून गेला. काकूंनी मदतीसाठी सुनेकडे पाहिलं. सून खाली मान घालून कप गोळा करत होती. तिचा चेहरा कोराच होता, पण ओठांचा एक कोपरा नियमात राहत नव्हता.

तेव्हा काकूंच्या तोंडून सासूबाई बाहेर पडल्या.

"गप बस! दोघांनीही जायचं. उद्या सकाळी हो म्हणून कळव. मला वाद नकोय."

पाचव्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मुलगा उभाच्या उभा राहिला. एवढ्या वर्षांत आईने पहिला हुकूम सोडला होता, आणि तो मोडायची त्याला सवय नव्हती. "बरं," तो म्हणाला.

सून कप घेऊन आत जाता जाता काकूंपाशी क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे शेवटी तुम्हीच ठरवलंत, आई."



ती दोघं गेली. सून परीक्षेपुरती येऊन राहिली आणि पुन्हा गेली. तिच्या प्रकल्पाचं काय झालं, ते काकूंना नंतर फोनवर कळलं. मॅडमनी प्रकल्प बारकाईने वाचला, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचं कौतुक केलं, आणि निर्णयाबद्दलचं उत्तर तेवढं बाजूला ठेवायला सांगितलं. एकतर मुलाखत घेणारी घरची, तेव्हा तिच्या असण्याचा परिणाम उत्तरावर झालेला असणार. शिवाय याच महिलेने इतकी वर्षं इतक्या त्रयस्थ मुलांना वेगळं उत्तर दिलं होतं, आणि तेही दर वेळी अगदी सारखं. ज्या उत्तरात फरक पडत नाही त्यावरच विसंबता येतं. मॅडमचं म्हणणं पद्धतीला धरूनच होतं. परीक्षेत चौकटीवरचा प्रश्न आला होता. सुनेने सहमती असं लिहिलं आणि चारपैकी चार मिळवले.

"बरं केलंस," काकू फोनमध्ये म्हणाल्या. आणि मग, "तिकडे स्वयंपाकघराला खिडकी आहे का गं?"

"दोन आहेत, आई."

पुढच्या वर्षीची मुलं आली. कुत्रा भुंकला, ऊन चढलं, ओट्यावर सावली पडली. काकूंनी चहा केला; दिव्याचं बटण आता त्यांना न बघता सापडत होतं. पहिला प्रश्न आला: घरात माणसं किती?

"मी एकटी."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्यातली म्होरकी मुलगी अवघडून म्हणाली की अभ्यासाचा विषय कुटुंब आहे, आणि कुटुंब म्हणायला निदान दोन माणसं तरी लागतात. तेव्हा काकूंचं घर या अभ्यासात बसत नाही. तिने तोंडभर माफी मागितली. आम्ही तुमच्याबद्दल पुस्तकात वाचलंय, असंही सांगितलं. चहा पिऊन झाला होता, त्यामुळे नुसतंच उठून जायचं मुलांच्या जिवावर आलं. आमच्याजोगं काही काम असेल तर सांगा, असं त्यातला एक जण म्हणाला.

काकूंनी थोडा विचार केला. "एक कपाट हलवायचंय."

कपड्यांसकट ते उचलायला चौघं लागली. मागची खिडकी कितीतरी वर्षांनी उघडली. बिजागरी गंजलेली, तिला दोनदा ठोकावं लागलं. उजेड आत आला, पण वाटला होता तेवढा नाही. मधल्या काळात अंगणातलं झाड वाढून खिडकीवर आलं होतं. पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड स्वयंपाकाच्या ओट्यावर पडला, आणि त्यात दिवसाचा लागलेला दिवा फार केविलवाणा दिसू लागला. काकूंनी तो बंद केला.

"काकू, कुठे ठेवायचं?" कपाट धरून उभी असलेली मुलं विचारत होती.

"बोला, तुम्हाला काय वाटतं?" काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मुलं बोलायला लागली. एकाला ते दाराशेजारी बरं दिसेल असं वाटत होतं. दुसऱ्याला कोपरा पसंत होता. म्होरकी मुलगी म्हणाली, मुळात एवढं मोठं कपाट हवंय कशाला? काकू मन लावून ऐकत होत्या. "हं," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा हात कशासाठी तरी शेजारी गेला. ओट्यावर मिठाचा डबा होता. काकूंनी हात मागे घेतला, आणि त्या एकट्याच हसायला लागल्या. कपाट धरून घामाघूम झालेल्या मुलांना त्यातलं काही कळेना.

"पुढच्या खोलीत ठेवा," काकू म्हणाल्या. "भिंतीला लावून. सुनेनं सुचवलंय."

ते खरं होतं. पण वह्या मिटलेल्या होत्या, आणि चौघांचेही हात कपाटाला गुंतले होते.